पहिल्यापासून शून्य

५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी एचआयव्हीची तपासणी पुन्हा करायला हवी. सहा वर्षांपूर्वी ज्या रिपोर्टच्या जोरावर तू घर सोडलंस, तो रिपोर्ट अपुरा होता. हे तुला कळवणं भाग आहे म्हणून लिहिते आहे. एरवी आपलं बोलणं जिथे थांबलं होतं तिथेच मी ते राहू दिलं असतं.

फोन तू उचलत नाहीस. पत्ता मावशीकडून घेतला. मावशीने न विचारता बाकीचंही सांगितलं: तुझ्याबरोबर एक बाई राहतात आणि त्यांना दिवस गेले आहेत. त्यावर मला काही म्हणायचं नाही. पण त्यामुळेच हे पत्र उद्यावर टाकता येत नाही.

तुझी बायको गेल्या महिन्यापासून माझ्याकडे आहे. तू तिला 'ती' म्हण, नाहीतर काहीच म्हणू नकोस. तुमचा घटस्फोट झालेला नाही, तेव्हा मी तुझी बायको असंच लिहिणार. ती आपणहून आलेली नाही. इतकी वर्षं मी बोलावत होते आणि ती म्हणायची, "ताई, तुमच्या घराण्याचं खूप झालं मला." ज्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती, तिथल्या मालकीणबाईंनी तिला आणून सोडलं. फ्रेम वाकवून बसवताना हात थरथरायला लागले, मग उभं राहवेना. दारात आली तेव्हा भिंतीला टेकून म्हणाली, "मी आलेली नाहीये हं. मला पोचवलंय."

एवढी वाळली होती की मी आधी मालकीणबाईंकडेच बघून बोलले.

दुसऱ्या दिवशी मी तिला एचआयव्हीच्या औषधांचं विचारलं. मला वाटलं होतं, गोळ्या चुकवत असणार. ती उलट हसली.

"माझी काळजी करू नका. माझा विषाणू शून्य आहे. दरवेळी शून्य. गोळ्या देतात त्या सेंटरमध्ये नवीन लोक आले की मला पुढे उभं करतात. म्हणतात, हिच्याकडे बघा, गोळ्या वेळेवर घेतल्या की असं होतं."

"पहिल्यांदा शून्य कधी आलं?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे गोळ्या सुरू केल्यावर."

"नाही हो. त्याच्याही आधी. गोळ्या द्यायच्या आधी एकदा रक्त घेतात ना, तेव्हासुद्धा शून्यच. तिथल्या मॅडम म्हणाल्या, नशीबवान आहेस."

मी कप खाली ठेवला. औषधाचा एक कणही पोटात गेलेला नाही, रक्तात विषाणू आहे म्हणून सांगितलंय, आणि विषाणू मोजायला जावं तर एकही सापडत नाही. अशी माणसं क्वचित असतात, नाही असं नाही. पण ती अशी वाळत नाहीत. शरीराचा बचाव करणाऱ्या पेशी हिच्या दरवर्षी कमी होत गेल्या होत्या. कोणी म्हणालं खाणं कमी पडतंय, कोणी म्हणालं मनाला लावून घेते. शून्य आलंय म्हटल्यावर शून्याकडे कोणी पुन्हा बघितलंच नाही.

एचआयव्ही दोन आहेत. जगात बहुतेकांना असतो तो पहिल्या प्रकारचा. दुसरा थोड्या ठिकाणी आढळतो, सावकाश वाढतो. विषाणू मोजण्याचं नेहमीचं मशीन फक्त पहिल्याला हाक मारतं. दुसरा ओ देत नाही, आणि मशीन 'आढळला नाही' असं छापून मोकळं होतं. तिच्या रोजच्या गोळीत तीन औषधं होती. त्यातलं एक दुसऱ्या प्रकारावर मुळीच चालत नाही. उरलेल्या दोघांच्या हातून तो केव्हाच निसटला असणार.

तिचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. दुसऱ्या प्रकारचा आहे. फक्त दुसऱ्या.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या जहाज कंपनीची तपासणी कुठल्या किटवर झाली होती हे मला माहीत नाही, ते मी शोधते आहे. ते किट पहिल्या प्रकारापुरतं असेल तर तुझा कोरा रिपोर्ट कोरा नाही, तो अर्धा आहे. तू पुन्हा तपासून घे, दोन्हींसाठी, आणि त्या बाईंनाही सांग. बाळाच्या दृष्टीने वेळेवर कळलं तर बरंच काही करता येतं.

तुझ्या बायकोला मी विचारलं, धाकट्याला लिहू का? ती म्हणाली, "लिहा. त्यांनी एकदा तपासून घ्यावं. दुसरं काही मागणं नाही."

तिची तब्येत बरी नाही. एवढं पुरे.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी असल्या तरी उत्तर दिलंस. "माझा रिपोर्ट क्लीन आहे. कंपनी दरवर्षी तपासायची. तू पुन्हा तिची वकिली करू नकोस. मी इथे सुखात आहे." अक्षर अजून शाळेतल्यासारखंच उजवीकडे कलतं.

तू घर सोडलंस त्या संध्याकाळचं माझ्या चांगलं लक्षात आहे. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं, त्याआधीच्या रक्ततपासणीत ते निघालं होतं. तू जेवणाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेस, तिचा आणि तुझा, आणि म्हणालास, "रक्त खोटं बोलत नाही. हिला आहे, मला नाही. आता हिनेच सांगावं कुठून आणलं." मी म्हटलं की रिपोर्टवरून कोणाचं चारित्र्य कळत नसतं. "तू तुझ्या नळ्या सांभाळ" म्हणालास. ती उठून ताटं उचलायला लागली. अजून कोणाचं जेवण झालं नव्हतं.

रक्त खोटं बोलत नाही हे खरं आहे. पण आपण विचारू तेवढंच ते सांगतं.

तुझ्या कंपनीच्या डॉक्टरांना फोन केला. गृहस्थ सभ्य आहेत. म्हणाले, "मॅडम, आम्हाला माणूस बोटीवर चढायला फिट आहे की नाही एवढं बघायचं असतं." तू घर सोडलंस त्या वर्षी आणि त्यानंतरही दोन वर्षं त्यांचं किट पहिल्या प्रकाराचं होतं. पुढे तू कंपनी सोडलीस. म्हणजे दरवर्षीचं म्हणतोस ते दरवर्षी तेच एक किट.

तू विचारशील, तिला दुसऱ्या प्रकारचा होता तर तिच्या रिपोर्टवर पहिला कसा आला? विचारशील असं मीच धरून चालते. दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. शरीर एकाविरुद्ध जे बनवतं ते कधी कधी दुसऱ्यालाही चिकटतं. तिच्या तपासणीच्या पट्टीवर काही रेषा उमटल्या, त्या पहिल्याच्या रेषांसारख्या दिसल्या, वाचणाऱ्याने पहिला असं लिहून टाकलं. काहींच्या बाबतीत उलट होतं, काहीच चिकटत नाही आणि पट्टी कोरी राहते. एकाच विषाणूची लागण झालेली दोन माणसं, एकाची पट्टी उमटलेली आणि दुसऱ्याची कोरी, असं होऊ शकतं. तुझ्या बाबतीत तसं झालं असं मी म्हणत नाही. होऊ शकतं एवढंच म्हणते.

आमच्याकडे काय केलं ते सांगते, म्हणजे मी घरबसल्या ठरवलं असं तुला वाटायला नको. नात्यातल्या माणसाचं रक्त स्वतःच्या हाताने तपासायचं नाही हा आमच्याकडे नियम आहे आणि तो मीच घातलेला आहे. त्यामुळे काम गुरुजींनी केलं. गुरुजी हे माझे सहकारी. ट्यूबवरचा नंबर तीनदा वाचतात, चौथ्यांदा मोठ्याने वाचतात, म्हणून हे नाव. मी दारात उभी होते तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत बघत राहिलात की माझा पिपेट थरथरतो. जाऊन चहा घ्या. दोन घ्या."

आधी दोन्ही प्रकार वेगळे दाखवणारी पट्टी लावली. मग रक्तपेशींमध्ये विषाणूचा जो जनुकीय मजकूर दडून बसतो, त्याचा एक तुकडा वाढवून बघितला. तुकडा वाढवायचा तर त्याची सुरुवात आणि शेवट आधी माहीत असावा लागतो, आणि दोन प्रकारांच्या सुरुवाती वेगळ्या आहेत. म्हणून तेच रक्त दोनदा लावायचं, एकदा पहिल्याच्या हिशेबाने, एकदा दुसऱ्याच्या. मग ते जेलीसारख्या पातळ पाटीच्या कडेला खळग्यांत सोडून वीज लावायची. तुकडे पाटीतून सरकतात, लहान पुढे, मोठे मागे. शेजारी आपल्याला माहीत असलेले नमुने ठेवायचे, आणि एका रांगेत नुसतं पाणी. पाण्याच्या रांगेत काही चमकलं तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात.

पाणी कोरं होतं. पहिल्याच्या हिशेबाने लावलेली तिची रांग कोरी होती. दुसऱ्याच्या रांगेत पट्टा होता, ठसठशीत. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी नव्या रक्तावर पुन्हा केलं. तेच.

तेव्हा ही वकिली नाही. वकिलाला बाजू असते.

सोबत तुझ्या गावातल्या एका दवाखान्याचा पत्ता लिहिते आहे. तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. जाऊन नुसतं रक्त दे. ट्यूबवर नाव असणार नाही, नंबर असेल. ते इकडे पाठवतील आणि मी त्याला हात लावणार नाही.

ती रोज विचारते, त्यांचं उत्तर आलं का. मी सांगते, पोस्टाला वेळ लागतो.

ताई

१४ मार्च

धाकट्या,

तुझ्याकडून काही नाही. मी दवाखान्यात विचारलं, तू गेलेला नाहीस.

तुझ्या बायकोला आमच्या इस्पितळात दाखल केलं आहे. माझ्या प्रयोगशाळेपासून एक जिना उतरून डावीकडे, खिडकीजवळची खाट. दुसऱ्या प्रकारावर चालणारी औषधं मागवून घेतली आणि सुरू झाली आहेत. वॉर्डचे डॉक्टर तरुण आहेत, खरं ते बोलतात. म्हणाले, "औषध बरोबर आहे मॅडम, पण आपण त्याला उशिरा बोलावलंय." 'आपण' म्हणाले. बिचाऱ्यांनी तिला पहिल्यांदा बघितलं ते गेल्या आठवड्यात.

उजव्या डोळ्याने तिला दिसत नाही. बचाव फार कमी झाला की दुसरे रोग आत शिरतात, त्यातला एक डोळ्याच्या पडद्यावर बसला आहे. तिने स्वतःच ओळखलं. इतकी वर्षं लोकांना एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावलेली. माझ्याकडे बघून एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा झाकला, आणि म्हणाली, "ताई, ह्या डोळ्याला नंबर लागणार नाही आता. दुकानाला एक काच वाचली."

वॉर्डातल्या थोरल्या नर्सचा चष्मा सतत नाकावरून घसरतो. तुझ्या बायकोने तो मागून घेतला, उशीशी बसून बोटांनी काड्या वाकवल्या, कानामागे हात लावून बघितलं, पुन्हा वाकवल्या. नर्स म्हणाली, "बाई गं, पाच वर्षं घसरत होता." ती म्हणाली, "पाच वर्षं कोणाला दाखवलाच नसेल." त्या दिवशी तिने जरा पोटभर खाल्लं.

हे सगळं तुला कशाला लिहिते आहे माहीत नाही. मूळ गोष्टीवर येते.

परवा दुपारी मी खाली गेले तेव्हा ती माझी वाटच बघत होती. म्हणाली, "ताई, तुमचा धाकटा काही रक्त देत नाही. जाऊ दे. तुम्हीच एका कागदावर लिहून द्या. तुमचा शिक्का मारून. की हे त्यांच्याकडून आलं."

मी म्हटलं, "तपासणी ते सांगत नाही."

"तुम्हाला माहीत आहे ना पण?"

"मला तुझ्या रक्तात दुसऱ्या प्रकारचा विषाणू आहे एवढं माहीत आहे."

"मी लग्नाआधी कुठे गेले नाही, लग्नानंतर कुठे गेले नाही. कधी रक्त चढवलेलं नाही. ते बोटीवरून पन्नास बंदरं फिरून आले. हे सांगायला मशीन लागतं?"

"कागदावर लिहायला लागतं."

"आणि त्यांनी रक्त दिलं तर? तेव्हा लिहाल?"

मी तिला खरं ते सांगितलं. समज तुझ्यातही दुसऱ्या प्रकारचा निघाला. आम्ही दोन्ही विषाणूंची अक्षरं वाचू, जगातल्या इतर नमुन्यांशी ताडून बघू आणि वंशावळ मांडू. दोघांचे विषाणू त्या वंशावळीत एकाच डहाळीवर बसले, तर ते जवळचे आहेत असं लिहिता येईल. कोणाकडून कोणाकडे गेला ते मला लिहिता येणार नाही. डहाळीवर बाण काढलेला नसतो.

ती म्हणाली, "मग तुमची तपासणी कसल्या कामाची हो, ताई? त्यांनी नुसत्या दोन कागदांवरून मला संसारातून काढलं. तुम्ही इतकी मशीनं लावून मला परत आणू शकत नाही?"

मी एक ओळ लिहून दिली असती तर ती त्या रात्री झोपली असती. वॉर्डचे डॉक्टरसुद्धा मला जिन्यात म्हणाले, "द्या ना लिहून मॅडम. कोण विचारणार आहे?" कोणी विचारणार नव्हतं. पण तिला ज्याने बाहेर काढलं तेही असंच होतं, तपासणीने न सांगितलेलं कोणीतरी कागदावर वाचलं होतं. पुन्हा तेच, आता तिच्या बाजूने, मला करता आलं नाही. मी लिहिलं नाही.

तेव्हा आता तुझ्यावर आहे. ती विचारते तेव्हा पोस्टाचं कारण सांगणं मी बंद केलं आहे. रक्त दिलं नाही अजून, असं सांगते.

आणि त्या बाईंचे महिने भरत चालले आहेत, हे मी नाही, मावशी म्हणते.

ताई

२ एप्रिल

धाकट्या,

तुझा नमुना काल दुपारी पोचला. थंड डब्यातून, बर्फ अजून विरघळलेला नव्हता, तापमान ठीक होतं. ट्यूबच्या झाकणाला सील होतं. नंबर गुरुजींनी चारदा वाचला. सोबत दुसराही नमुना आहे, तो त्या बाईंचा, हे दवाखान्याने कळवलं. तू त्यांना सांगितलंस आणि घेऊन गेलास. बरं केलंस.

रक्त वेगळं करून ठेवलं आहे. पेशींचा भाग उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये, वरच्या खणात. पट्टी आज लागली असती, पण गुरुजींना मी एक दिवस थांबायला सांगितलं, कारण मला रजा घ्यावी लागली. ते म्हणाले, तुमच्या रजेचा आणि माझ्या कामाचा काय संबंध, तुम्ही तर आत येतच नाही. खरं आहे. तरी थांबले.

हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. तुझी बायको आज सकाळी गेली.

काल डबा आला तसं मी खाली जाऊन तिला सांगितलं. तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता, पण शुद्धीवर होती. मी म्हटलं, "धाकट्याचं रक्त आलं."

ती म्हणाली, "खरंच दिलं?"

"खरंच."

"स्वतः जाऊन?"

"स्वतः जाऊन. त्या बाईंनाही घेऊन गेला."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "म्हणजे शंका आली त्यांना." थोड्या वेळाने पुन्हा, "इतके दिवस शंकासुद्धा आली नव्हती."

त्यानंतर बोलली ते दुकानाबद्दल. कोणा गिऱ्हाइकाची फ्रेम टेबलाच्या खणात राहिली होती, ती मालकीणबाईंना कळवायला सांगितलं. मी कळवलं.

पुढचं सगळं मी केलं. मालकीणबाई होत्या, थोरली नर्स होती, गुरुजी होते. तुला बोलवायला वेळ नव्हता आणि बोलवावं की नाही हे ती सांगून गेली नाही.

तपासणी उद्यापासून.

ताई

२४ एप्रिल

धाकट्या,

तुमचे दोन्ही रिपोर्ट तयार आहेत.

पत्रातून किंवा फोनवर निकाल सांगायचा नाही असा नियम आहे. तुम्ही दोघं या. त्या बाईंना प्रवास झेपणार नसेल तर त्यांनी सही करून अधिकार दिल्यास त्यांचा रिपोर्ट तुझ्या हातात देता येईल. तू मात्र स्वतः यायला हवंस.

यावर तू काय अंदाज बांधशील ते मला ठाऊक आहे. बांध. पण ये.

बसस्टॉपसमोरच्या फाटकातून आत, दुसरा मजला. मी असेन. निकाल मी सांगणार नाही, समुपदेशक आणि वॉर्डचे डॉक्टर सांगतील.

ताई

९ मे

धाकट्या,

तू काल आलास आणि गेलास. समोरासमोर आपण जेमतेम बोललो, म्हणून जे झालं ते लिहून ठेवते. एक प्रत तुझ्याकडे असावी.

तू बाकावर बसला होतास. केस इतके पांढरे झाले असतील असं मला वाटलं नव्हतं. मी पाणी दिलं, तू घेतलंस. आत तुला सांगितलं ते असं: तुला दुसऱ्या प्रकारचा एचआयव्ही आहे. त्या बाईंना दोन्ही प्रकारांपैकी एकही नाही, त्यांची तपासणी ठरलेल्या अंतराने पुन्हा करायची आणि तोवर काय सांभाळायचं तेही सांगितलं. बाळाची भीती आजच्या घडीला नाही.

बाहेर आलास तेव्हा हातात दोन कागद होते, तुझा आणि त्यांचा. तू ते शेजारी शेजारी धरून बघत होतास. त्या बाईंनी घरी हे दोन कागद बघून तुला काय म्हटलं, ते मी कधी विचारणार नाही. काही न म्हणता तुझ्याबरोबर राहिल्या तर त्यांना माझा नमस्कार सांग.

मग तू विचारलंस, "ताई, माझ्याकडून गेलं का तिला?"

मी म्हटलं, "दोघांचे विषाणू एकाच डहाळीवर आहेत. फार जवळचे. तपासणी त्यापुढचं सांगत नाही."

"तू सांग."

"मी पण नाही."

"तिला काय सांगितलंस?"

"हेच."

तू खाली बघून म्हणालास, "म्हणजे तिलाही कळलं नाही."

तेव्हा मी जे म्हटलं ते कागदावर येण्यासारखं नाही, पण म्हटलं आहे तर लिहिते. मी म्हटलं, "तिला माहीत होतं. तपासणी हवी होती ती तुला."

तू रडायला लागलास. मी तुझ्याजवळ बसले नाही, कारण बसले असते तर मलाही आवरलं नसतं, आणि समोर लोक रिपोर्टसाठी थांबले होते. हात धरायला हवा होता. एवढी शिस्त काल नसती तरी चाललं असतं.

औषधाबद्दल. डॉक्टरांनी तुला लिहून दिली तीच औषधं तुझ्या बायकोसाठी मागवली होती. बाहेरून यायला वेळ लागतो. तिच्या नावाने आलेल्यांपैकी एक बाटली न उघडता राहिली, ती मी औषधखान्यात परत जमा केली होती. गेली त्याच्या आदल्या दिवशी, फ्रेमचं बोलून झाल्यावर, तिने मला सांगितलं होतं, "उरलेल्या गोळ्या त्यांना द्या. लागतील." तुझा रिपोर्ट तेव्हा यायचा होता. मी तिला म्हटलं, रिपोर्ट आल्याशिवाय औषधाचं बोलायचं नाही. हे तिचं आणि माझं शेवटचं बोलणं. मागच्या पत्रात मी ते लिहिलं नाही.

औषधखान्यातल्या माणसाने तिचं लेबल नखाने खरवडायला घेतलं तेव्हा तू हात पुढे केलास. "राहू दे ते नाव," म्हणालास. तो म्हणाला, साहेब, दोन नावं चालत नाहीत. मग त्याने माझ्याकडे बघितलं. नियम मला माहीत आहे. मी म्हटलं, खाली दुसरं लावा.

८ मे रोजी सुपूर्द केलं ते:

तुझा रिपोर्ट, मूळ प्रत. त्या बाईंचा रिपोर्ट, त्यांच्या सहीच्या अधिकारपत्रावर. तुझ्या गावच्या डॉक्टरांसाठी पत्र, विषाणू नेहमीच्या मशीनवर मोजू नये अशा स्पष्ट सूचनेसह. औषध, एक बाटली, सीलबंद. लेबलं दोन. वरचं तिच्या नावाचं, खालचं तुझ्या.

मिळाल्याची सही तू केली आहेस.

ताई